बालगंधर्व ऐकावेत कसे, गावेत कसे

सेलूहून कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने विचारलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "सर, यंदा युवक महोत्सवात नाट्यगीत गायचंय. जो तो म्हणतो, बालगंधर्व ऐक. ऐकले. खरं सांगू का, आवाज पातळ वाटला, पद घाईघाईत उरकल्यासारखं वाटलं, आणि ताना तर आमच्या क्लासमधली पोरं याहून लांब घेतात. मग त्यांचं आयुष्य वाचलं, तर तिथंही कोडंच. एवढा पैसा मिळवणारा माणूस कर्जात बुडाला कसा? आणि पुरुषानं साडी नेसून काम केलं, त्याच्यामागं अख्खा महाराष्ट्र वेडा कामून झाला?"

प्रश्न मनापासून विचारलाय, म्हणून सविस्तर लिहितो. मी अंबाजोगाईत पेटीची साथ करतो आणि गाणं शिकवतो. नाट्यपदाला साथ करणाऱ्याला गायक समोरून नाही तर कडेने दिसतो. तो श्वास कुठे चोरतो, शब्द कुठे गिळतो, हे पेटीवाल्याला आधी कळतं. त्या जागेवर बसून बालगंधर्व जसे कळत गेले तसे सांगतो. माझ्या मते तुझ्या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. हा माणूस जन्मभर एकाच गोष्टीकडे बघत होता: समोर बसलेल्या प्रेक्षकाच्या पदरात काय पडतंय. गाणं त्यातून घडलं, कर्जही त्यातूनच झालं.

आधी तुझ्या कानाची तक्रार घेऊ. तू यूट्यूबवर जे ऐकलंस ते बहुतेक दोन प्रकारचं असणार. एक, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या. त्यांच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. १९२५च्या आधीचं ध्वनिमुद्रण तर विजेशिवाय व्हायचं. गायकाने भोंग्यात तोंड घालून गायचं आणि त्या हवेच्या धक्क्याने सुई मेणावर चरे ओढायची. त्यात ना खर्ज नीट उतरायचा, ना श्वासाची ऊब. दुसरा प्रकार म्हणजे उतारवयातली खासगी ध्वनिमुद्रणं, शरीर थकल्यानंतरची. रंगमंदिरात तेच पद वन्स मोअर घेत कितीतरी वेळ चालायचं. नाटक रात्री सुरू व्हायचं आणि लोक पहाटे घरी जायचे. तेव्हा तुला जी घाई ऐकू आली ती तबकडीची आहे. तीन मिनिटांत मुखडा, अंतरा, दोन-चार जागा आणि शेवट, सगळं बसवायचं होतं.

एक प्रयोग कर. तीच तबकडी पुन्हा लाव आणि ताना मोजू नकोस. शब्द लिहून काढ. शंभर वर्षांपूर्वीचं खरखरीत मुद्रण आहे, तरी बहुतेक अक्षरं तुला लागतील. मग आजच्या एखाद्या स्पर्धेतलं, चांगल्या माइकवरचं नाट्यगीत घे आणि तसंच लिहून बघ. निम्मे शब्द आकारात वाहून गेलेले आढळतील. बालगंधर्वांच्या ऐन उमेदीत ध्वनिक्षेपक नव्हते. पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर तो फेकून चालत नाही, कारण फेकला की सूर फाटतो. त्यांनी शब्दाचा उच्चार आणि सुराचा लगाव एकजीव केला. तान छोटी का, याचंही उत्तर यातच आहे. लांब तान घेतली की पात्र थांबतं आणि गवई सुरू होतो. त्यांची तान दोन शब्दांच्या फटीत सुरू होते, चार-सहा सुरांत वळते आणि पुढचा शब्द ठरल्या मात्रेवर उचलते. तालमीच्या दृष्टीने हे लांब तानेपेक्षा अवघड आहे. सम चुकली तर लपवायला जागा नाही.

आता साडीचं. हा प्रश्न मराठवाड्यातल्या मुलाने विचारावा याची मला थोडी गंमत वाटते. पैठणला नाथषष्ठीला गेलायस का? आपल्याकडे भारूड करणारा मिशीवाला गडी लुगडं गुंडाळतो, डोक्यावर पदर घेतो, सासूची गाऱ्हाणी सांगत 'सत्वर पाव' म्हणतो आणि म्हाताऱ्या बाया डोळे पुसून हसतात. तिथं कुणी 'हा पुरुष कामून' असं विचारत नाही. एकनाथांनी सोळाव्या शतकात बाईच्या तोंडचं गाणं लिहिलं आणि पुरुषांनी ते गाऊन दाखवलं. मराठी रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीपात्रं करण्याचं एक कारण उघड होतं. घरंदाज स्त्रीने नाटकात काम करणं समाजाला चालत नव्हतं. पण प्रेक्षकाचा डोळा या गोष्टीला आधीच सरावलेला होता, हेही विसरू नकोस. भारुडात सोंग उघड ठेवायचं असतं, मिशी दिसलीच पाहिजे. बालगंधर्वांनी ते सोंग पूर्ण झाकलं. पदर, अंबाडा, नथ, चालण्याची ढब, बोलताना मान किती वळवायची, इतकं बारीक की थोरामोठ्यांच्या घरच्या बायका त्यांच्यासारखं नेसायला लागल्या. पुरुषाकडे बघून बायकांनी नेसणं शिकावं, असं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

जीवनक्रम तू वाचला आहेस म्हणतोस, म्हणून भराभर सांगतो. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म २६ जून १८८८. लहानपणी गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. पोराला कानाचं दुखणं होतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मिरजेत उपचार करवले. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश झाला आणि मिरजेतच शकुंतला म्हणून उभे राहिले. ही मंडळी म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०च्या 'शाकुंतल'पासून उभं केलेलं घराणंच. गाणारे नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. नव्या पोराला भाऊरावांच्या जागेवर उभं करणं म्हणजे मंडळीने घेतलेली मोठी जोखीमच.

इथं दोन माणसं महत्त्वाची. गोविंद बल्लाळ देवल आणि भास्करबुवा बखले. देवलांनी बोलायला, उभं राहायला, दुसऱ्याचं वाक्य ऐकायला शिकवलं. नटाला दुसऱ्याचं वाक्य ऐकता येणं ही मोठी विद्या आहे, बहुतेकांना आपलं वाक्य येईपर्यंत दम निघत नाही. भास्करबुवांकडे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम होती. त्यांनी ख्यालातलं पिकलेलं सोनं नाटकाच्या मापात कापून दिलं. 'स्वयंवर'ची पदं ऐकताना हे ध्यानात ठेव. १९१६च्या त्या नाटकातल्या चाली भास्करबुवांच्या. 'मम आत्मा गमला'चा बिहाग, 'सुजन कसा मन चोरी'चा भूप, 'नाथ हा माझा'चा यमन. राग तेच, जे आपण क्लासमध्ये पहिल्या दोन वर्षांत शिकतो. पण पदात रागाचं संपूर्ण दर्शन घडवायचा हट्ट कुठेच नाही. नाटकाची नायिका रुक्मिणी, तिला जेवढा यमन लागतो तेवढाच घेतलाय.

त्याआधीची १९११ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १२ मार्च १९११, मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, नायिका भामिनी बालगंधर्वांची. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करण्याची तयारी होती, पण त्यांनी रंग लावला आणि भामिनी उभी केली. ही हकिकत आपल्याकडे 'शो मस्ट गो ऑन'च्या थाटात भाषणांत सांगतात. मला ती तशी आवडत नाही. बापाचं काळीज कुणी मोजलेलं नाही, त्यावर टाळ्या घेऊ नयेत. त्यातून एवढंच घ्यावं की तिकीट काढून आलेल्या माणसाचं त्यांना ऋण वाटायचं. प्रेक्षकांना ते 'मायबाप', 'अन्नदाते' म्हणत. ते तोंडदेखलं नव्हतं, पुढच्या सगळ्या आयुष्याने ते दाखवून दिलं.

१९१३ साली टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१६ला 'संशयकल्लोळ' आणि 'स्वयंवर'. २० फेब्रुवारी १९१९ला बडोद्यात 'एकच प्याला'. नाटककार राम गणेश गडकरी त्याआधी महिनाभरच, २३ जानेवारीला गेले होते. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली. बोडसांचा सुधाकर, बालगंधर्वांची सिंधू.

भामिनी आणि रुक्मिणी म्हणजे भरजरी शालू, दागिने, अत्तर. सिंधू म्हणजे ठिगळं लावलेलं लुगडं. ज्या नटाच्या साड्या बघायला बायका येत, त्याने फाटकं नेसून उभं राहायचं ठरवलं. आणि लोक अधिकच वेडे झाले. दारुड्या नवऱ्याच्या घरी सिंधू जात्यावर दळते आणि ओव्या म्हणते. तू आजीला दळताना ऐकलं नसशील, मी ऐकलंय. जात्यावरच्या गाण्यात श्वास गाणारीच्या मर्जीने घेता येत नाही. खुंटा पुढे ढकलताना आवाज दाबला जातो, ओढून घेताना सुटतो. ओवीचा चरण लांबतो तो या फेऱ्यामुळे. नाट्यगीत म्हणून ही ओवी गाणारी मुलं काय करतात? सरळ भावगीतासारखी, गोड, एकसारखी गातात. हात रिकामे असतात, म्हणून आवाजही रिकामा येतो. मी शिकवताना मुलींना पाट्यापुढे बसवतो, वरवंटा हातात देतो आणि म्हणतो, आता वाट आणि गा. दहा मिनिटांत कळतं की कुठली अक्षरं जड आहेत.

गंधर्व मंडळीची साथही अशीच निवडक. सारंगीला कादरबक्ष, तबल्याला पुढे अहमदजान थिरकवा. थिरकवा हे देशातले पहिल्या रांगेतले तबलिये, आणि ते नाटक कंपनीत साथीला. थिरकव्यांसारखा माणूस ठेवायचा तर त्याचा पगार, इतमाम, प्रवास सगळं आलं. तुझ्या कर्जाच्या कोड्याची किल्ली इथं आहे.

कंपनीचा खर्च कसा असतो बघ. पन्नासेक माणसांचं बिऱ्हाड गावोगाव न्यायचं, रोज दोन वेळची पंगत, पडदे, पेट्या, कपडेपट, रेल्वेचं भाडं. प्रयोग नसेल त्या दिवशीही चूल पेटतेच. अशा धंद्यात मालकाने हात आखडता घ्यावा लागतो. बालगंधर्वांना ते जमलं नाही. पडदा खोटा चालेना, गालिचा खरा हवा. दागिना पितळेचा चालेना. 'द्रौपदी'च्या वेळी तर देखाव्यांचा थाट हाताबाहेर गेला. टेंबे आधीच बाहेर पडले होते, मग बोडसही गेले. हिशेब बघणाऱ्यांवर आंधळा विश्वास. १९२१च्या सुमाराला कर्ज लाखांच्या घरात असल्याचं उघड झालं. त्या काळचे लाख म्हणजे काय, याचा अंदाज तुझ्या आजोबांच्या पहिल्या पगारावरून कर.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. गांधीजींनी टिळक स्वराज्य फंडासाठी कोटीचा संकल्प सोडला होता. त्या फंडासाठी ८ जुलै १९२१ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. भामिनी बालगंधर्वांची आणि नायक धैर्यधर ललितकलादर्श कंपनीच्या केशवराव भोसल्यांचा. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. केशवरावांचं गाणं आक्रमक, वरच्या सुरात झेप घेणारं, दमसास जबरदस्त. बालगंधर्वांचं गाणं समोरच्याला बोलतं करणारं. त्या रात्री कोण जिंकलं याच्या चर्चा अजून चालतात. मला त्या फार निरर्थक वाटतात, ती काही कुस्ती नव्हती. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. महत्त्वाचं हे, की स्वतःची कंपनी कर्जात असलेला माणूस एका रात्रीची कमाई देशाला देऊन मोकळा झाला.

मग त्यांनी दिवाळं जाहीर करून सुटका का करून घेतली नाही, असं तू विचारशील. कायद्याने वाट होती. त्यांनी ती घेतली नाही. पुढची काही वर्षं नाटकं करकरून सावकारांचे पैसे फेडले. आणि फेडून झाल्यावर शहाणपण आलं का? अजिबात नाही, पुन्हा तोच थाट सुरू. काही चरित्रकार याला भोळेपणा म्हणतात. मला त्यात थोडा हट्टही दिसतो. रसिकाला हलकं काही दाखवायचं नाही, हा हट्ट. कंपनीतल्या पोराबाळांच्या दृष्टीने तो परवडणारा नव्हता, हेही म्हटलं पाहिजे. मालक उदार असला की पगार वेळेवर होतातच असं नाही.

१९३१ला 'आलम आरा' हा हिंदी बोलपट आला, १९३२ला मराठी बोलपट. १९३३ला 'आंधळ्यांची शाळा' नाटकात स्त्रीपात्रं स्त्रियांनी केली, ज्योत्स्ना भोळ्यांची पदं गाजली. चार-पाच तासांचं नाटक आणि पुरुषाची नायिका, दोन्हीच्या पायाखालची जमीन एकदमच सरकली. गंधर्व मंडळीचा गाडा थांबला.

इथून पुढचा भाग आपल्याला, म्हणजे मराठवाड्याला, जवळचा आहे. प्रभात फिल्म कंपनीने बालगंधर्वांना चित्रपटात आणलं ते पैठणच्या एकनाथांच्या भूमिकेत. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णराव. चित्रपटाचं नाव आधी 'महात्मा' होतं. सेन्सॉरला त्यात गांधीजींचा वास आला, म्हणून १९३५ला 'धर्मात्मा' नावाने निघाला. नाथांनी अस्पृश्याच्या घरी जेवण्याचा प्रसंग त्यात आहे. तो बघताना मी नेहमी त्यांचे हात बघतो. पंचवीस-तीस वर्षं ज्या हातांनी पदर सावरला, त्यांना आता उपरणं सावरायचंय. हात कुठे ठेवावेत हे काही ठिकाणी त्यांना उमगत नाही. गाणं सुरू झालं की मात्र हात शांत होतात. बोलपटात त्यांचं मन रमलं नाही. तिथं मायबाप नव्हते, भिंग होतं. पुढे १९३७ला 'साध्वी मीराबाई'त पुन्हा स्त्रीभूमिका केली, तीही चालली नाही. ते रंगभूमीवर परतले.

नंतर गोहर कर्नाटकी कंपनीत आल्या, नायिकेची कामं त्या करू लागल्या आणि बालगंधर्वांकडे पुरुषपात्रं आली. पुढे दोघांचं लग्न झालं. यावरून त्या काळी फार गदारोळ झाला. गोहरबाईंना दोष देऊन मोकळं होणारे आजही भेटतात. ज्या बाईने त्यांच्या पडत्या काळात संसार आणि कंपनी दोन्ही ओढलं, तिच्याबद्दल एवढं कडू बोलायचं कारण मला कळलेलं नाही. उतारवयात त्यांचे पाय गेले. बसून भजनं म्हणत. १९५५ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ला पद्मभूषण. १५ जुलै १९६७ला पुण्यात निधन. त्याच वर्षी डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं आणि नाट्यसंगीत एका वेगळ्याच वळणाला लागलं.

ही भजनं हा आपल्या भागातला खरा गंधर्व-वारसा, असं माझं मत आहे. 'कान्होपात्रा' नाटकामुळे 'अगा वैकुंठीच्या राया' आणि चोखोबांचा 'जोहार मायबाप' हे अभंग त्यांनी घरोघर पोचवले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, सरकारी कारभार आणि उच्च शिक्षण उर्दूत. गाणं शिकायला शाळा कुठल्या? पण टाळ-मृदंग गावोगाव होता. आमच्याकडे केजच्या बाजूच्या एका खेड्यात सप्ताहाला साथीला गेलो होतो. तिथले एक बप्पा, पंच्याहत्तरीचे, शेतकरी, पायात वहाण नाही, 'जोहार' म्हणायला उठले. चाल हुबेहूब तीच. एक हरकत तर अशी घेतली की ती तबकडीवरच ऐकायला मिळते. विचारलं, "बप्पा, हे कुणाचं?" म्हणाले, "चोखोबाचं की. आन् कुणाचं?" बालगंधर्व हे नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. गावात कधी काळी कुणाकडे फोनो असेल, कुणी भजनीबुवाने चाल उचलली असेल, तिथून ती त्यांच्यापर्यंत आली असेल. बप्पांचा शब्द मात्र एकही बुडाला नाही. कीर्तनाच्या श्रोत्याला शब्द कळला नाही तर तो उठून जातो. म्हणून म्हणतो, बालगंधर्वांचं गाणं आपल्या लोकांना परकं वाटायचं कारण नाही. त्यांच्या कानाला त्याची सवय कीर्तनाने आधीच लावलेली आहे.

आता तुझं पद. युवक महोत्सवात पाच-सहा मिनिटं मिळतात. तू कोणतं पद घेतोयस ते लिहिलं नाहीस. माझं ऐकशील तर 'नाथ हा माझा' घे. यमन तुझ्या गळ्यावर असेलच. आणि तिथंच धोका आहे. पोरं दोन मिनिटं आलाप करतात, नि-रे-ग दाखवतात, परीक्षकाला यमन येतो हे पटवतात आणि रुक्मिणी राहते विंगेतच. आलाप चार सुरांचा पुरे, पेटीवाल्याने सूर धरायला आणि तू उभं राहायला जेवढा लागेल तेवढा.

गाणं बसवायच्या आधी संहिता मिळव. सेलूच्या किंवा परभणीच्या ग्रंथालयात 'स्वयंवर' मिळायला हरकत नाही. तो प्रवेश मित्राला समोर बसवून मोठ्याने वाच, पदाच्या आधीची वाक्यं पाठ कर. भाऊ शिशुपालाशी लग्न लावायला निघालाय आणि हिने मनाने कृष्णाला वरलंय, हे डोक्यात पक्कं बसलं की मुखड्याचा पहिला शब्द किती आवाजात घ्यायचा हे शिकवावं लागत नाही. पहिले आठ दिवस तबला नकोच. पद नुसतं बोल, वाक्यासारखं. मग तानपुऱ्यावर शब्दाशब्दाने चढव. शेवटी ठेका.

पट्टी स्वतःची ठेव. बालगंधर्व बाईसारखा खोटा आवाज काढत नसत, त्यांचा स्वतःचा गळाच तसा हलका आणि वर फिरणारा होता. मुलगा असून काळी चारमध्ये चोरटा आवाज लावणारे मी स्पर्धेत ऐकलेत, ती नक्कल होते आणि सभागृह हसतं. काळी एक किंवा दोन, जिथे तारसप्तकाचा गंधार न ओरडता लागेल तिथं थांब. साडीची नजाकत हातवाऱ्यांनी दाखवायला जाऊ नकोस. कानावर हात, मांडीवर ताल, हेही नको. रुक्मिणी मांडीवर ताल धरत नाही.

तबलजीला आधी सांगून ठेव की लग्गी, म्हणजे ठेक्याची जलद भरणी, शेवटच्या मुखड्याला, त्याआधी साधा ठेका. आपल्याकडचे तबलजी उत्साही असतात, पहिल्याच अंतऱ्याला लग्गी सुरू करतात आणि शब्द वाहून जातात. पेटीवाल्याला सांग, गायकाच्या मागे अर्ध्या मात्रेने राहा, पुढे पळू नकोस. ऑर्गन मिळाला तर उत्तम, पण तो तुझ्या गावात मिळणार नाही, म्हणून खर्जाचे स्वर जरा भरीव असलेली पेटी बघ आणि कपलर, म्हणजे एका सुराबरोबर दुसऱ्या सप्तकातला सूरही वाजवणारी कळ, बंद ठेवायला सांग. माइक तोंडापासून वीतभर लांब. जवळ घेतलास की शब्दाचं पहिलं व्यंजन फुटतं.

ऐकण्याचा क्रम असा ठेव. आधी बालगंधर्वांची तबकडी, फक्त शब्द आणि श्वास टिपत. श्वास जिथे घेतला तिथे संहितेच्या कागदावर पेन्सिलीने खूण कर. त्यानंतर कुमार गंधर्वांचा 'मला उमजलेले बालगंधर्व' ऐक. एक मोठा गवई दुसऱ्याची नक्कल न करता त्याच्या जागा कशा समजून घेतो, हे तिथं शिकायला मिळतं. बाकीच्यांच्या आवृत्त्या स्पर्धा होईपर्यंत ऐकूच नकोस, सगळ्यांच्या हरकती गोळा करून पद फुगवण्याचा मोह होतो.

तान एकच ठेव, अंतऱ्यावरून मुखड्याकडे येताना, आणि ती अर्ध्या आवर्तनाच्या आत संपव. ती रोज नवी घ्यायची नाही, ठरलेलीच घ्यायची, शंभर वेळा. खूण केलेला कागद आणि तालमीचं फोनवर केलेलं ध्वनिमुद्रण मला पाठव. ध्वनिमुद्रण करताना फोन समोर धरू नकोस, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव. तिथून शब्द ऐकू आले तर पुढचं बोलू.